पुढचं उजवं चाक

मी संशयी माणूस आहे आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही. भाजीवाल्याने पिशवीत टाकलेले टोमॅटो मी घरी येण्याआधी रस्त्यातच उपसून पाहतो. देवळातून बाहेर आलो की चपला घालण्याआधी त्या माझ्याच आहेत का, हे उलटून बघतो. बायको म्हणते, लग्नाच्या दिवशीसुद्धा मी अंतरपाटाच्या कडेवरून डोकावून नवरी तीच आहे ना, याची खात्री करून घेतली होती. हे तिने रचलेलं आहे, पण ऐकणाऱ्याला ते खोटं वाटत नाही. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलीला ‘संशयी’ हा शब्द जड जातो, म्हणून ती मैत्रिणींना सांगते, “माझे बाबा ना, बहुत शक्की आहेत.”

असेना का. ज्या कामावर माझं पोट भरलं ते कामच तसं होतं. आधी सैन्यात आणि नंतर दिल्लीतल्याच गाझीपूरच्या एका खाजगी वर्कशॉपमध्ये मी जड गाड्यांचे ब्रेक पाहत आलो.

मी मूळचा साताऱ्याकडचा. सैन्यात भरती झालो तेव्हा ट्रकच्या ब्रेकमध्ये हवा, नळ्या आणि लोखंड एवढंच असे. बिघाड डोळ्यांना दिसायचा, कानांना ऐकू यायचा. नोकरीची शेवटची वर्षं दिल्ली छावणीत गेली आणि त्याच काळात गाड्यांमध्ये तो डबा आला. डबा म्हणजे ब्रेकचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते डब्याला कळवत राहतो. ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला आणि एखादं चाक जाम होऊन घसरायला लागलं, तर डबा त्या चाकाच्या वॉल्व्हला हुकूम देतो आणि तेवढ्यापुरती त्या चाकाची हवा सोडतो. चाक पुन्हा फिरायला लागतं आणि गाडी सरळ राहते. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. डबा मात्र आतून काय करतोय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावर माझा भरवसा नाही.

छावणीतल्या वर्कशॉपचे सुभेदार आमच्याच बाजूचे होते. डबा बदलायचा कसा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आधी चाकांना लाकडी ठोकळे. मग बॅटरीचा स्विच बंद, आणि किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती न देता स्वतःच्या खिशात. मग जरा थांबायचं, हात लोखंडाला लावून अंगातली वीज उतरवायची आणि त्यानंतरच प्लगला हात घालायचा. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर डब्याचे प्लग आधी काढून ठेवायचे. एकदा एका बॉडीवाल्याने सीटचा तुटलेला पाय चिकटवताना हे केलं नव्हतं. सीट पक्की बसली आणि डबा मेला.

पण सुभेदारांची खरी शिकवण पुढची. डबा बदलून झाला की गाडी जॅकने उचलून लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर, ठेवायची. एकाने ब्रेकचं पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने लॅपटॉपवरून एकेका चाकाची हवा सोडायचा हुकूम द्यायचा. तिसऱ्याने खाली बसून चाकं हाताने फिरवून बघायची आणि कोणतं सुटलं ते ओरडून सांगायचं. लॅपटॉपवाल्याने कोणतं चाक सोडलं, ते मात्र खालच्याला सांगायचं नाही. “उजवं सुटलं का रे?” असं विचारलं की खालचा माणूस हात न लावताच हो म्हणतो. सुभेदार म्हणायचे, “ज्याला उत्तर माहीत आहे, त्याला प्रश्न विचारून काय फायदा?” हे वाक्य मी काळजात कोरून ठेवलं होतं. माझ्यासारख्याला ते मानवणारच होतं.

निवृत्त झाल्यावर गावी परतायचं ठरलं होतं. पण मुलीची शाळा मध्यावर होती आणि बायकोला मयूर विहारच्या शेजाराचा लळा लागला होता. मग गाझीपूरला नोकरी धरली. मालकाच्या बऱ्याच बस होत्या, काही शाळेच्या, काही सहलीच्या. डब्यांचं काम येणारा म्हणून मला घेतलं, आणि ब्रेकच्या बाकी कामाला एक मिस्त्री आधीपासून होता.

हा मिस्त्री बुलंदशहरकडचा. वयाने माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिच्या जागी दोरा. बोलणं मोजकं. मला तो ‘फौजी’ म्हणायचा, मी त्याला ‘मिस्त्रीजी’. त्याची स्वतःची हत्यारांची लोखंडी पेटी होती आणि तिला दोन कुलपं होती. पान्यांच्या पेटीला दोन कुलपं कशाला, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला आणि त्यानंतर तो काही सुटला नाही.

शिवाय त्याची एक सवय मला गावंढळ वाटायची. दोन सारखे प्लग काढायचे असले की तो आधी एकाला चिंधी बांधायचा. बांधून झाली की ती दोनदा ओढून पाहायचा. मी हसायचो. म्हणायचो, “मिस्त्रीजी, इतना तो याद रहता है.” तो पुढच्या प्लगला हात घालायचा.

वर्कशॉपमध्ये रुजू होऊन वर्ष झालं नसेल, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मेलेले डबे स्टोअरमधल्या लोखंडी शेल्फवर ठेवायचे असा रिवाज होता. मी ठेवलेला डबा आठवड्याभरात तिथून नाहीसा व्हायचा. भंगारात गेला म्हणावं तर भंगारवाला आलेला नसायचा. मालकाला विचारलं तर त्याने कानावर हात ठेवले. मला वेगळीच भीती होती. असे मेलेले डबे बाहेर धुऊनपुसून, नवं लेबल चिकटवून पुन्हा विकले जातात, हे मी ऐकून होतो. असा डबा लावला की काही दिवस सगळं बरं चालतं. मग रस्त्याच्या धक्क्यांनी आणि गरमीने तो ऐन वेळी मान टाकतो. आणि आमच्या बसमध्ये शाळेची पोरं बसायची.

स्टोअरची किल्ली माझ्याकडे, मालकाकडे आणि मिस्त्रीकडे. मालक आपल्याच स्टोअरमध्ये चोरी करणार नाही. मी केलेली नव्हती. राहिला कोण?

मी घरून बायकोची नेलपॉलिशची बाटली आणली. लाल, भडक. काढलेल्या प्रत्येक मेलेल्या डब्याच्या खालच्या बाजूला मी एक ठिपका द्यायला लागलो, म्हणजे तो पुन्हा कुठल्या गाडीत दिसला तर ओळखता यावा. हे गुपचूप चालायचं. निदान माझी तशी समजूत होती. बाटली सापडेना तेव्हा बायकोने घर डोक्यावर घेतलं आणि मला कबूल करावं लागलं.

“बसच्या डब्याला नेलपॉलिश?” ती म्हणाली. “मग टिकली पण लावा ना. हळदीकुंकवाला बोलावते मी त्याला.”

मी त्यानंतर बसगणिक कॅबिनमधलं डब्याचं झाकण उघडून टॉर्चने ठिपके शोधत फिरलो. एकही सापडला नाही. दुसऱ्या कुणाला यावरून मिस्त्री निर्दोष वाटला असता. मला वाटलं, तो बाहेर विकतोय.

आमच्या भागातल्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं. बहुतेक जण केंद्र सरकारच्या नोकरीतले, दोनचार आमच्यासारखे फौजेतून उतरलेले. दर संक्रांतीला बस करून पानिपतला काला अंबला जायचं, तिथल्या लढाईच्या स्मारकाला फुलं वाहायची, जेवणाचे डबे खायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचं, असा नेम होता. त्या वर्षी मी आमच्या मालकाची बस ठरवून दिली. मंडळाच्या सेक्रेटरींना छाती ठोकून सांगितलं, “गाडी माझ्या हाताखालची आहे, बिल्कुल बेफिकीर राहा.” मुलगी तेव्हा आठवीत होती. ती स्मारकापुढे दहा ओळी बोलणार होती. आठवडाभर बायको तिच्याकडून त्या घोटून घेत होती. “‘धारातीर्थी’ म्हणजे काय ते समजून बोल,” असं सांगायची आणि मुलगी म्हणायची, “अच्छा, समजलं, आता बस ना आई.”

संक्रांतीच्या आदल्या दुपारी त्याच बसचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा पिवळा दिवा विझत नव्हता. चाबी फिरवल्यावर तो दिवा लागतो आणि गाडी जरा चालली की विझतो, हे त्याचं बरं असण्याचं लक्षण. इथे तो लागलेलाच होता. लॅपटॉप लावला तर दोष पुढच्या वॉल्व्हचा किंवा खुद्द डब्याचा आहे असं दिसलं. मी खाली शिरलो. त्या बसचे पुढचे दोन्ही वॉल्व्ह एकाच आडव्या पट्टीवर, वीतभर अंतरावर बसवलेले होते. दोन्हींचे प्लग काळे, आकाराने सारखे. दोन्ही काढले, वॉल्व्ह मीटरने तपासले. वॉल्व्ह ठणठणीत होते. म्हणजे डबाच गेलेला.

नवा डबा आणायला मी मिस्त्रीला स्टोअरमध्ये पाठवलं. तो यायला उशीर झाला. वॉल्व्हचे प्लग परत लावताना माझे डोळे बसच्या खालून स्टोअरच्या दाराकडेच लागलेले होते. दाराखालून त्याचे पाय दिसत होते, ते बराच वेळ हलले नाहीत. आत एवढा वेळ काय करतोय हा माणूस? मी एक प्लग बसवला, दुसरा बसवला, दोन्हींची खटकी नीट ऐकली आणि बाहेर आलो.

खोक्याची चिकटपट्टी मला दुहेरी वाटली. म्हणजे एकदा उघडून पुन्हा लावल्यासारखी. मी नंबर ताडून पाहिले, प्लगच्या जागेतल्या पिना टॉर्चने पाहिल्या. सगळं नवं होतं. तरी माझं समाधान झालं नाही. उद्या या गाडीत माझी बायको आणि मुलगी बसणार होत्या. आता हा डबा लावल्यावर मिस्त्रीचा हातच या गाडीला लागता कामा नये, असं मी ठरवलं.

“मिस्त्रीजी, आप चाय पी आइए,” मी म्हणालो. “ये मैं देख लूँगा.”

“पहिया कौन घुमाएगा?”

“मैं देख लूँगा बोला ना.”

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि गेला. ड्रायव्हरलाही मी त्याच्याबरोबर पिटाळलं, कारण त्या दोघांचं सूत चांगलं जमायचं.

डबा मी नियमाप्रमाणे बदलला. ठोकळे, स्विच, खिशात किल्ली, सगळं. नव्या डब्याला मी नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले, म्हणजे रात्रीतून कुणी तो बदलला तर मला कळावं. मग बस घोड्यांवर चढवली, टाक्यांमध्ये हवा भरली आणि तपासायला एकटा उभा राहिलो. पेडल दाबायला माणूस नाही, म्हणून सीट आणि पेडलच्या मध्ये एक दांडकं ठोकून बसवलं. लॅपटॉपवर पुढच्या उजव्या चाकाचं बटण दाबलं आणि खाली उडी मारून चाकाकडे धावलो. हवा दोनतीन सेकंदच सुटते. मी पोहोचेपर्यंत चाक पुन्हा घट्ट. परत वर गेलो, परत दाबलं, परत धावलो. पन्नाशी उलटलेली, गुडघे फौजेत झिजलेले. तिसऱ्या वेळी मी खाली उतरलोच नाही. कॅबिनमध्ये बसून कान दिला. पुढून फुस्स आवाज आला. पुढचं उजवं बरोबर, अशी मी कागदावर खूण केली. मग डाव्याचं बटण. पुढूनच फुस्स. पुढचं डावं बरोबर. मागच्या दोन चाकांचंही असंच उरकलं.

ज्याला उत्तर माहीत होतं त्याच्याचकडून मी उत्तर घेत होतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना जे करू दिलं नाही ते मी स्वतःशी केलं, आणि त्या क्षणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तिथे संशय घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

आवारात गाडी फिरवली. दिवा विझला. ब्रेक छान लागत होते. लॅपटॉप पिशवीत घालून घरी घेऊन गेलो.

सकाळी साडेसहाला बस आमच्या सोसायटीच्या गेटवर यायची होती. मी साडेपाचलाच वर्कशॉपमध्ये हजर झालो, म्हणजे ड्रायव्हरबरोबर बसूनच यावं. धुकं इतकं की आवाराचं फाटक हाताला लागलं तेव्हा दिसलं. आत शिरलो आणि माझं डोकंच फिरलं. माझी बस पुन्हा घोड्यांवर चढवलेली होती. तिच्याखाली टॉर्च हलत होता आणि मिस्त्रीचे पाय बाहेर आलेले होते.

मी त्याच्यावर जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकंदर मतलब असा, की वर्षभर डबे चोरलेस ते चोरलेस, आता माझ्या बायकापोरांच्या गाडीतला नवा डबाही काढून घेतोस? तो शांतपणे बाहेर सरकला, उठून बसला. ड्रायव्हर मधे पडायला लागला, त्याला मी गप्प केलं. कॅबिनमध्ये चढून डब्याचं झाकण उघडलं, टॉर्च मारला.

दोन ठिपके जागच्या जागी होते.

“देख लिया?” खालून मिस्त्री म्हणाला.

“और पुराने डब्बे?” मी हट्टाने विचारलं. “वो कहाँ गए?”

तो आपल्या लोखंडी पेटीकडे गेला. दोन्ही कुलपं काढली. वरचा पान्यांचा कप्पा उचलून बाजूला ठेवला. खाली माझे सगळे डबे ओळीने रचलेले होते, एकेकावर लाल ठिपका. प्रत्येकाच्या पिना पक्कडीने पिळून मोडलेल्या. असा डबा कुणी फुकट दिला तरी दुसऱ्या गाडीला लागला नसता.

“मैं समझा आप बेचते हैं,” मिस्त्री म्हणाला. “हर डब्बे पे आप छुप के लाल निशान लगाते थे. मैंने सोचा, ग्राहक के लिए पहचान है. तो मैं उठा के तोड़ देता था. बच्चों की गाड़ियाँ हैं, फौजी.”

मी पेटीकडे बघत राहिलो. वर्षभर मी त्याच्यावर पाळत ठेवली आणि वर्षभर तो माझ्यावर. त्याने निदान त्या डब्यांचं काहीतरी केलं होतं. मी नुसता नेलपॉलिश लावत बसलो.

“तो आज गाड़ी क्यों उठाई?” मी विचारलं, पण आवाजातला जोर गेला होता.

“कल स्टोर में मैंने नया डब्बा खोल के देखा था, माल ठीक था. फिर आपने मुझे भगा दिया. मुझे लगा, नया रख के पुराना माल लगा रहे होंगे.”

“अपनी बीवी-बच्ची की गाड़ी में?”

“शक में आदमी इतना कहाँ सोचता है.” तो चष्मा पुसायला लागला. “सुबह आके ड्राइवर से चाबी घुमवाई. चाबी देते ही डब्बा एक-एक वॉल्व्ह को फूँक मारके देखता है, पहली फूँक दाहिने की होती है. मैंने दाहिने पे हाथ रखा था. फूँक बाएँ से आई. मेरे कान भी बूढ़े हैं, हाथ भी. ग़लती मेरी हो सकती है. आप लैपटॉप लाए हैं?”

मी लॅपटॉप पिशवीतून काढला. पासवर्ड टाकला. आजवर तो मी कुणाच्या हातात दिला नव्हता. मिस्त्री तो मांडीवर घेऊन कॅबिनच्या पायरीवर बसला. ड्रायव्हरने पेडल दाबलं.

“आप नीचे बैठिए,” मिस्त्री म्हणाला. “पहिये आप घुमाइए. मैं नहीं बताऊँगा कौन सा.”

मी दोन चाकांच्या मध्ये, एक्सलसमोर, गार सिमेंटवर बसलो. एक हात उजव्या चाकावर, एक डाव्यावर. दोन्ही दगडासारखी घट्ट. वर बटण वाजलं. फुस्स झालं, आणि माझ्या हाताखालचं डावं चाक सैल होऊन फिरलं.

“बायाँ,” मी म्हणालो.

पुन्हा बटण वाजलं. पुन्हा डावंच फिरलं. “बायाँ,” मी पुन्हा म्हणालो. मग मिस्त्रीने लॅपटॉप उलटा करून माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर पुढचं उजवं चाक हिरवं होऊन लुकलुकत होतं.

आदल्या दुपारी स्टोअरच्या दाराकडे बघत मी दोन प्लग लावले होते, ते अदलाबदल होऊन लागले होते. विजेच्या दृष्टीने दोन्ही जोड पक्के, म्हणून दिवा विझला. साध्या ब्रेकला काही फरक पडत नव्हता, म्हणून आवारात सगळं छान वाटलं. फरक पडला असता तो पानिपतच्या रस्त्यावर. धुक्यात पुढचा ट्रक अचानक थांबला असता, आमच्या ड्रायव्हरने सगळा जोर लावून ब्रेक दाबला असता, ओल्या डांबरावर उजवं चाक घसरायला लागलं असतं आणि डब्याने इमानाने हवा सोडली असती ती डाव्याची. घसरणारं चाक जाम, धरून ठेवणारं चाक मोकळं. चाळीस माणसं भरलेली बस तिरकी होऊन जिकडे जायची तिकडे गेली असती. पहिल्या सीटवर माझी मुलगी बसणार होती, कारण तिला मागे बसलं की मळमळतं.

मी भ्यालो होतो आणि मला भयंकर लाज वाटत होती.

मिस्त्रीने खिशातून एक चिंधी काढून माझ्या हातात दिली. मी बसखाली शिरलो, ती एका प्लगला बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि मग दोन्ही प्लग काढून आपापल्या जागी लावले. बाहेर आल्यावर मी बाजूला जाऊन उभा राहिलो. पुढची तपासणी मिस्त्रींनीच केली. ड्रायव्हरला त्यांनी चाकांशी बसवलं आणि पेडलवर फाटकाच्या रखवालदाराला. चारही चाकं दोनदोनदा झाली. दर वेळी खालून उत्तर बरोबर आलं. मग त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्या पिशवीत ठेवला.

“आप भी चलिए,” मी म्हणालो. “जगह है गाड़ी में.”

“मेरा वहाँ क्या काम,” ते म्हणाले, आणि पेटीला कुलपं लावायला लागले. मला त्यांचे आभार मानायचे होते. ते राहूनच गेलं.

गेटवर पोहोचायला तास उशीर झाला. मंडळी शाली गुंडाळून, गूळपोळ्यांचे डबे सांभाळत उभी होती. बायकोचे फोनवर फोन येऊन गेले होते. सेक्रेटरी पुढे आले. “काय हो, एवढा लेट? फॉग होता का?”

धुकं होतंच. हो म्हणालो असतो तर कुणालाही पटलं असतं. माझ्या तोंडाशी ते आलंही होतं. पण मुलगी भाषणाचा कागद घेऊन बसच्या दाराशी उभी होती, आणि माझ्याने खोटं बोलवलं नाही.

“फॉग नाही,” मी म्हणालो. “ब्रेकचे दोन प्लग मी काल उलटे लावले होते. मीच. तपासणीही एकट्याने केली आणि खोटी खूण केली. सकाळी आमच्या मिस्त्रींनी पकडलं. आता नीट आहे.”

या माणसाच्या शब्दावर आपण बस ठरवली, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, “यार, दुसरी गाडी बघूया का? मुलंबाळं आहेत सोबत.” ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला चांगली ओळखीची होती. आजवर मी जगाकडे तसाच बघत आलो होतो.

बायको पुढे आली. तिने मुलीचा हात धरला होता.

“आता नीट आहे हे कोणी तपासलं?” तिने विचारलं.

“मिस्त्रींनी.”

“तुम्ही नाही ना?”

“नाही. मी लांब उभा होतो.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग चल गं,” ती मुलीला म्हणाली, आणि तिला पुढे घालून बसमध्ये चढली.